फॉर्मला जोडलेली फाइल कुठे जाते?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मराठी मंडळांमध्ये अर्जांची लगबग सुरू होते. शिष्यवृत्ती, गुणगौरव समारंभ, वसतिगृहातला प्रवेश. त्यापाठोपाठ गणेशोत्सवातली चित्रकला स्पर्धा, दिवाळी अंकासाठी कथा-कविता आणि बारा महिने चालणारं वधू-वर सूचक केंद्र. इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, बऱ्याच मंडळांची आता संकेतस्थळं आहेत आणि त्यावर 'संपर्क' नावाचा एक साधा फॉर्म असतो. नाव, मोबाइल, मजकूर, खाली 'पाठवा'. भरलेला मजकूर सचिवांच्या मेलवर जातो. एखाद्या बैठकीत कुणीतरी सुचवतं, "याच फॉर्मला गुणपत्रिका जोडायची सोय करा की!" आणि सगळ्यांच्या नजरा इंजिनिअर झालेल्या पोराकडे किंवा पोरीकडे वळतात. "तुझ्यासाठी काय, एक बटण तर लावायचंय."

बटण लावायला खरंच फार वेळ लागत नाही. पण त्या क्षणापासून लोक आपल्या हातात आपली गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, मुलीचा फोटो आणि पत्रिका ठेवायला लागतात. म्हणून ती फाइल जाते कशी, वाटेत अडकते कुठे आणि शेवटी राहते कुणाकडे, हे बटण लावणाऱ्याला आणि लावायला सांगणाऱ्यालाही माहीत हवं. कोड लिहिता येत नसला तरी पुढचं वाचायला हरकत नाही. मंडळात योग्य प्रश्न विचारायला तेवढं पुरेल.

चार कप्प्यांचा डबा

साधा फॉर्म म्हणजे पोस्टकार्ड. नाव, गाव, मजकूर हे सगळं एकाच ओळीत जोडून ब्राउझर ते सर्व्हरकडे पाठवतो. अशा फॉर्ममध्ये नुसता 'फाइल निवडा' हा रकाना टाकला, तर एक गंमत होते. फाइल निवडता येते, तिचं नाव दिसतं, 'पाठवा' दाबलं की फॉर्म जातो. पण सर्व्हरवर पोहोचतं ते फक्त फाइलचं नाव. फाइल मागे फोनमध्येच राहते. पोस्टकार्डावर 'सोबत गुणपत्रिका' असं लिहावं आणि गुणपत्रिका कपाटातच राहावी, तसं.

फाइल जायला पोस्टकार्ड चालत नाही, डबा लागतो. फॉर्मच्या कोडमध्ये पाठवण्याची पद्धत 'पोस्ट' आणि बांधणी 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' अशी सांगावी लागते. मग ब्राउझर एकेक माहिती वेगळ्या कप्प्यात भरतो. एकात नाव, दुसऱ्यात मोबाइल, तिसऱ्यात मजकूर, चौथ्यात फाइल. दोन कप्प्यांमध्ये ठरावीक खुणेची एक ओळ असते, त्यामुळे भाजीचा रस्सा वरणात जात नाही. ही पद्धत झेरॉक्स कंपनीतल्या लॅरी मॅसिन्टर आणि अर्नेस्टो नेबेल यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये मांडली. आज परीक्षेचा फॉर्म भरताना सही-फोटो चढवतो तेव्हाही बहुतेक वेळा हाच डबा वापरलेला असतो.

'धन्यवाद' लिहून आलं, पण अर्ज पोहोचला का?

डबा सर्व्हरवर पोहोचला की फाइल एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. लहान संस्थांच्या बऱ्याच साइट पीएचपी या भाषेत असतात, म्हणून तिचंच उदाहरण घेऊ. कोडने ती फाइल उचलून योग्य जागी हलवली नाही, तर काम संपताच पीएचपी ती पुसून टाकते. म्हणजे पोहोचलेली फाइलसुद्धा काही क्षणांची पाहुणी असते.

दुसरी अडचण आकाराची. पीएचपीच्या मूळ सेटिंगमध्ये एका फाइलची मर्यादा २ एमबी आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी असते. होस्टिंग कंपनी ती वाढवून देते किंवा देत नाही, ते तपासावं लागतं. आजच्या फोनने काढलेला एक फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. गुणपत्रिकेचा फोटो, दाखल्याचा फोटो आणि पासबुकाचं पहिलं पान असे तीन फोटो जोडले की मर्यादा ओलांडली.

एकच फाइल मोठी असेल, तर निदान ती नाकारल्याचा क्रमांक कोडला मिळतो. पण पूर्ण फॉर्मच मर्यादेबाहेर गेला, तर सर्व्हरला सगळंच रिकामं दिसतं. फाइल नाही, नाव नाही, मोबाइल नाही. कोड लिहिणाऱ्याने ही शक्यता धरली नसेल, तर पडद्यावर 'धन्यवाद, आपला अर्ज मिळाला' असं झळकतं आणि सचिवांकडे कोरी मेल जाते. ती कुणाची हेही कळायला मार्ग नसतो. तिकडे घरात सगळे निश्चिंत असतात, अर्ज तर केलाय. शेवटची तारीख उलटून गेल्यावर यादीत नाव दिसत नाही. त्या मुलीला वाटतं, आपली निवड झाली नाही. खरं तर तिचा अर्ज कुणी वाचलेलाच नसतो.

यावरचे उपाय साधे आहेत. रकान्याशेजारी मराठीत स्पष्ट लिहायचं: 'पीडीएफ किंवा जेपीजी, प्रत्येकी ५ एमबीपर्यंत, जास्तीत जास्त ३ फाइल.' सर्व्हरची मर्यादा त्याहून थोडी जास्त ठेवायची. फाइल मोठी असेल तर पाठवण्याआधीच सांगायचं, म्हणजे धिम्या नेटवर पाच मिनिटं वाट बघून शेवटी नकार येत नाही. आणि फाइल खरोखर योग्य जागी ठेवली गेल्यानंतरच 'मिळाला' म्हणायचं. त्यासोबत अर्जाचा क्रमांक आणि मिळालेल्या फाइलींची यादी अर्जदाराला दाखवायची आणि मेलने पाठवायची. पूर्वी कार्यालयात अर्ज दिला की शिक्का मारलेली पोच मिळायची. ती पोच इथेही हवी.

मेलच्या पोटात फाइल

आता ही फाइल मेलला कशी जोडायची? मेलची मूळ व्यवस्था फाइलींसाठी नव्हतीच. १९८२ मध्ये ठरलेल्या मेल पाठवण्याच्या नियमांत फक्त साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं गृहीत धरली होती. फोटो नाही, आवाज नाही, देवनागरीसुद्धा नाही. हे चित्र १९९२ मध्ये पालटलं. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' नावाची पद्धत आणली. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात बोरेनस्टाइन यांनी सहकाऱ्यांना पाठवलेल्या मेलला एक फोटो आणि एका गाण्याचं ध्वनिमुद्रण जोडलेलं होतं. हे गाणं त्यांच्याच चौघांच्या गायनचमूचं. हा खटाटोप कशासाठी, असं लोक विचारत, तेव्हा पुढे आपल्याला नातवंडं होतील आणि त्यांचे फोटो मेलने यावेत, असं ते सांगत. परगावी मुलं-नातवंडं असलेल्या आपल्याकडच्या किती आजी-आजोबांना हे पटेल!

माइमची युक्ती अशी: फाइलमधले तीन बाइट घ्यायचे आणि ते साध्या चार अक्षरांत लिहायचे. याला बेस-६४ म्हणतात. तिनाचे चार झाल्यामुळे मेलमध्ये फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण ती या फुगलेल्या मेलला लागते. म्हणून १८-१९ एमबीच्या वरची मूळ फाइल अडकू शकते.

पीएचपीच्या मूळ मेल सुविधेत फाइल जोडायची सोपी सोय नाही. माइमचे कप्पे हाताने रचत बसण्यापेक्षा बहुतेक जण 'पीएचपीमेलर' नावाची तयार लायब्ररी वापरतात आणि तेच शहाणपणाचं आहे. मात्र तयार वस्तूचीही देखभाल लागते. डिसेंबर २०१६ मध्ये याच लायब्ररीच्या ५.२.१८ आधीच्या आवृत्त्यांमध्ये एक गंभीर भगदाड उघड झालं होतं. त्यातून बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. दुरुस्ती लगेच आली, पण ती ज्यांनी आपल्या साइटवर बसवली त्यांच्याच कामी आली. साइट एकदा करून दिली की काम संपलं, असं नसतं.

मेल पोहोचण्यातली आणखी एक मेख. अनेक जण फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता 'प्रेषक' म्हणून टाकतात, म्हणजे सचिवांना थेट उत्तर देता येईल. हेतू चांगला, पण मेल पाठवतोय मंडळाचा सर्व्हर आणि नाव सांगतोय जीमेलच्या किंवा याहूच्या पत्त्याचं. मेल सेवा अशी मेल ताडून बघतात आणि स्पॅममध्ये टाकतात किंवा सरळ परत फिरवतात. याहूने २०१४ मध्येच या बाबतीत कडक धोरण घेतलं. म्हणून प्रेषक हा मंडळाचाच पत्ता ठेवायचा आणि अर्जदाराचा पत्ता 'उत्तर इकडे' या जागी लिहायचा. सचिवांनी उत्तराचं बटण दाबलं की मेल बरोबर अर्जदाराकडे जाते.

दारावरची तपासणी

फाइल घेणारा फॉर्म हा साऱ्या जगाला उघडा असलेला दरवाजा आहे. अर्जदार आत येतात तसे उपद्रवीही येतात. 'फक्त पीडीएफ आणि जेपीजी' असं फॉर्ममध्ये लिहिलं किंवा निवडताना तेवढ्याच फाइली दाखवल्या, तरी ती फक्त सूचना असते. ब्राउझर बाजूला ठेवून हवं ते पाठवता येतं. फाइलच्या नावाचा शेवटही कुणी बदलू शकतं. म्हणून खरी तपासणी सर्व्हरवर करायची. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' या तीन इंग्रजी अक्षरांनी होते. जेपीजी, पीएनजी यांच्याही सुरुवातीच्या बाइटच्या खुणा ठरलेल्या आहेत. त्या वाचून फाइलचा प्रकार ओळखणारी सोय पीएचपीत आहे. ब्राउझर जो प्रकार सांगतो तो मात्र प्रमाण मानायचा नाही. सुरुवातीच्या खुणाही नकली करता येतात, म्हणून एवढ्या तपासणीवर थांबायचं नाही.

पुढचे दोन नियम त्यासाठीच आहेत. पहिला, आलेल्या फाइली साइटच्या उघड्या फोल्डरमध्ये कधीही ठेवायच्या नाहीत. तिथे ठेवलेली फाइल पत्ता माहीत असलेला कुणीही उघडू शकतो. शिवाय ती कोडची फाइल असेल, तर सर्व्हर ती चालवूही शकतो. दुसरा, अर्जदाराने दिलेलं फाइलचं नाव जसंच्या तसं वापरायचं नाही. त्याऐवजी स्वतः तयार केलेलं, अंदाज न लागणारं नाव द्यायचं आणि मूळ नाव नोंदीत लिहून ठेवायचं.

या दुसऱ्या नियमाचा मराठी माणसाला आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे 'कुमारी अमुकतमुक यांची इयत्ता दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला' अशी सविस्तर नावं द्यायची हौस असते. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन लागतात आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं झाली की जागा संपली. जुन्या मेल प्रोग्राममध्ये अशी नावं प्रश्नचिन्हांची रांग होऊनही दिसतात. सर्व्हरवर आपलं नाव आणि नोंदीत अर्जदाराचं नाव ठेवलं, की मराठीत नाव दिलं म्हणून कुणाचा अर्ज अडत नाही.

फोटोंची गोष्ट थोडी वेगळी. फोनमध्ये लोकेशन चालू असेल, तर काढलेल्या फोटोच्या पोटात ती जागा अक्षांश-रेखांशासह नोंदलेली असू शकते. वधू-वर केंद्राला पाठवलेला घरातला फोटो घराचा पत्ताही सोबत घेऊन जाऊ शकतो. सर्व्हरवर फोटो उघडून नव्याने साठवला की ही नोंद गळून जाते आणि फोटोत लपवलेला घातक कोडही सहसा टिकत नाही. एवढंच बघायचं, की फोटो सरळ कसा धरायचा ही नोंदसुद्धा त्यात जाते, म्हणून आधी फोटो सरळ करून मग साठवायचा. नाहीतर सगळी स्थळं आडवी दिसतील!

प्रती किती आणि कुणाकडे?

इथवर सगळं नीट केलं, फाइल सुरक्षित पोहोचली आणि मेलला जोडून गेलीसुद्धा. आता जरा हिशोब करू. समजा, शिष्यवृत्तीसाठी ४० अर्ज आले आणि प्रत्येकासोबत ३ कागद. झाले १२०. निवड समितीत ५ जण, सगळ्यांना मेल जाते. झाल्या ६०० प्रती. त्यात सर्व्हरवर उरलेल्या प्रती, पाठवणाऱ्या खात्यातल्या प्रती, कुणी फोनवर उतरवून घेतलेल्या, कुणी 'जरा बघा' म्हणून व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या प्रती वेगळ्याच. समिती दोन वर्षांनी बदलते, मेलचे खोके तसेच राहतात. एखाद्या माजी सदस्याचा फोन विकला जातो, एखाद्याचा पासवर्ड फुटतो. १२० कागदांची जबाबदारी घेतली होती, आता त्या प्रती कुठे कुठे आहेत हे कुणालाच सांगता येणार नाही.

यात कुणाचा हेतू वाईट नसतो. मंडळातली माणसं आपलीच, वर्षानुवर्षं निःस्वार्थ काम करणारी. पण मेलला जोडलेली फाइल परत बोलावता येत नाही, हा त्या साधनाचाच स्वभाव आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की फॉर्मला फाइल जोडायची सोय जरूर द्यावी, पण ती फाइल पुढे मेलला जोडू नये. मेलने फक्त वर्दी द्यावी: 'अर्ज क्रमांक १७ आला, सोबत ३ कागद.' खाली दुवा. दुवा उघडायला समितीच्या सदस्याने स्वतःच्या पासवर्डने आत यायचं, कागद बघायचा, गुण द्यायचे, बाहेर पडायचं. कागद एकाच ठिकाणी राहतो, कोणी बघितला याची नोंद राहते आणि निवड झाल्यावर पुसायचा तो तिथूनच. कथा-कविता किंवा स्पर्धेतलं चित्र असेल, तर मेलला जोडून गेल्याने फारसं बिघडत नाही. दाखले, आधार आणि मुला-मुलींचे फोटो यांच्यासाठी मात्र हा नियम पाळावा.

एवढी साइट सांभाळायला माणूस नसेल, तर गूगल फॉर्ममध्ये फाइल मागवण्याची सोय आहे. फाइली फॉर्म बनवणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये साठतात आणि समितीला तिथेच बघायची परवानगी देता येते. त्यातही दोन गोष्टी बघाव्यात. अर्जदाराला गूगल खात्याने आत यावं लागतं, त्यामुळे काही घरांमध्ये मुला-नातवंडांची मदत लागेल. आणि फॉर्म मंडळाच्या खात्यावरून बनवायचा, एखाद्या उत्साही सदस्याच्या खासगी खात्यावरून नाही. तो सदस्य नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेला की मंडळाचं दप्तर त्याच्यासोबत जायला नको.

मागायचं किती, ठेवायचं किती दिवस

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. त्यातली मूळ तत्त्वं कुठल्याही मंडळाला आजपासून पाळता येतील: माहिती कशासाठी घेतो ते आधी सांगायचं, संमती घ्यायची, कामापुरतंच घ्यायचं, काम झालं की पुसायचं. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि दहावीची मुलं त्यातच येतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद अशी की ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळायला हवा. त्यात मराठी आहे. बेळगावात राहा, हैदराबादेत राहा, संमती कशाला देतोय हे मराठीत वाचायचा पर्याय मिळायला हवा. निदान मराठी मंडळाच्या फॉर्मवर तरी ही सूचना मराठीत असावीच.

मग बैठकीत विचारू या, शिष्यवृत्तीला आधार कार्ड लागतंच का? ओळख पटवायला शाळेचं पत्र चालेल का? आधार हवंच असेल, तर पहिले आठ अंक झाकलेलं आणि शेवटचे चारच दिसणारं 'मास्क्ड आधार' यूआयडीएआयच्या साइटवरून मिळतं. ते मागता येईल. पासबुकाचं पान सगळ्या ४० जणांकडून कशाला? ज्यांची निवड झाली त्यांच्याकडून नंतर घेता येतं. जो कागद मागवलाच नाही, तो सांभाळावाही लागत नाही आणि हरवतही नाही.

फॉर्म सुरू करण्याआधी घरातल्या घरात एक चाचणी घ्या. १० एमबीचा फोटो जोडून बघा. लांबलचक मराठी नावाची फाइल जोडा. नाव बदलून जेपीजी केलेली दुसऱ्याच प्रकारची फाइल जोडा. काहीच न जोडता पाठवा. फाइल जात असताना नेट बंद करा. प्रत्येक वेळी पडद्यावर काय लिहून येतं ते आईला किंवा आजोबांना वाचायला सांगा. त्यांना पुढे काय करायचं ते कळलं, तर फॉर्म तयार आहे. 'त्रुटी क्रमांक १' असं दिसून ते तुमच्याकडे बघायला लागले, तर अजून काम बाकी आहे.

आणि पुढच्या वेळी कुणी "एक बटण तर लावायचंय" म्हणालं, तर हो म्हणा, जरूर लावून द्या. फक्त त्याच बैठकीच्या इतिवृत्तात दोन ओळी लिहून घ्या: हे कागद कोण कोण बघणार आणि कुठल्या तारखेला ते पुसून टाकणार. ती तारीख फॉर्मवरही छापा, अर्ज करणाऱ्याला दिसेल अशी.